पाचगणीत बंबाऐवजी हीट पंप

आमच्या पाचगणीच्या घरात सासूबाईंचा तांब्याचा बंब होता, मग गच्चीवर सोलर आला. पण इथे जून ते सप्टेंबर धुकं आणि पाऊस. सोलरला ऊनच मिळत नाही. म्हणून हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप बसवला.

आधी हिशेब करा. 200 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 वर न्यायला गीझरला साधारण 7 युनिट लागतात. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरची उचलून पाण्यात सोडतो, म्हणून तेच काम अडीच युनिटच्या आसपास होतं. थंडीत थोडं जास्त.

जागेची मात्र घाई करू नका. आमच्या मिस्त्रींनी तो आधी बंद बोळात ठेवला. पंप स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा ओढायचा आणि पाणी तापता तापायचं नाही. मागच्या पडवीत मोकळ्या हवेला हलवला, तेव्हा फरक लगेच कळला. वर पत्रा हवा, खाली भक्कम ओटा. टाकीतल्या नुसत्या पाण्याचंच वजन 200 किलो. यंत्रातून पाणी ठिबकतं, त्याला नळी काढून द्या. झोपायच्या खोलीलगत नको, पंख्याचा आवाज येतो.

अर्थिंग तपासा. गरम पाण्याच्या पाइपला फोम गुंडाळा. बोअरचं पाणी असेल तर टाकीतला अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजून तिला गंजण्यापासून वाचवणारी धातूची कांडी) दरवर्षी उघडून बघा.

पाणी सावकाश तापतं, तीन-चार तास धरा. मी दुपारी एकला चालू करते, कारण तेव्हा हवा उबदार असते.