आयपीएतलं (आयसोप्रोपिल अल्कोहोलमधलं) बेंझीन पकडायला जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) कॉलम कोणता?

आधी सॅम्पलमध्ये काय काय असू शकतं याची यादी करा. आयपीए प्रोपिलीनपासून बनलंय, अ‍ॅसिटोनपासून बनलंय की तुमच्याच प्लांटमध्ये रिकव्हर झालंय, यावर त्यात काय सापडणार ते ठरतं. डायआयसोप्रोपिल इथर, एन-प्रोपेनॉल आणि अ‍ॅसिटोन हे नेहमीचे पाहुणे. रिकव्हर्ड मालात आधीच्या बॅचचं टोल्युइनही असू शकतं. पाण्याचा विचार इथे करू नका. एफआयडीला (जीसीच्या ज्योतीवर चालणाऱ्या डिटेक्टरला) पाणी दिसत नाही, त्यासाठी कार्ल फिशर ही पाणी मोजायची चाचणी आहे.

आता फेज, म्हणजे कॉलमच्या आतला लेप. ‘सॉल्व्हंट पोलर, म्हणून कॉलम पोलर’ हा सल्ला ज्याच्या त्याच्या तोंडी असतो, आणि आयपीएत बेंझीन शोधताना तो सरळ खड्ड्यात घालतो. उकळबिंदू बघूनही भागत नाही: आयपीए ८२ अंश, बेंझीन ८० अंश. वॅक्स कॉलमवर, म्हणजे पोलर पॉलिएथिलीन ग्लायकॉलवाल्या, आधी अ‍ॅसिटोन येतं, मग मिथेनॉल, मग आयपीए, आणि त्याला अगदी खेटून, इथेनॉलच्या आसपास, बेंझीन. ६२४ प्रकारच्या कॉलमवर, म्हणजे ६ टक्के सायनोप्रोपिलफिनाइलवाल्या, अल्कोहोलं लवकर निघून जातात आणि बेंझीन बरंच मागाहून, मोकळ्या बेसलाईनवर येतं. औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयसीएच नियमांत बेंझीनची मर्यादा २ पीपीएम आहे. एवढ्याशा पीकला मोकळी जागाच लागते.

बहुतेकांची गाडी अडते ती पुढे, आणि मीही इथेच सर्वांत जास्त झगडलो. पातळ स्टँडर्डमध्ये सगळे पीक सुंदर सुटतात, रेझोल्यूशन (शेजारच्या पीकमधली फारकत) तीन-चार येतं, आणि नीट (neat, म्हणजे पातळ न केलेलं) सॅम्पल मारलं की इम्प्युरिटी गायब. हिशेब करून बघा. १ मायक्रोलिटर आयपीए म्हणजे सुमारे ०.७८ मिलिग्रॅम. स्प्लिट १:१०० ठेवला, म्हणजे त्याचा शंभरावा भागच कॉलमवर जाऊ दिला, तर २ पीपीएम बेंझीनपैकी जेमतेम १६ पिकोग्रॅम कॉलमवर पोचतं. एफआयडीला ते भरवशाने दिसायचं नाही. स्प्लिट १:१० केला की बेंझीन दहापट होतं, पण आयपीएही ७८ मायक्रोग्रॅम उतरतं. ०.२५ मिमी व्यास, ०.२५ मायक्रॉन फिल्मच्या (लेपाच्या) कॉलमला एका घटकाचे शंभरेक नॅनोग्रॅमसुद्धा जड जातात. मग मुख्य पीक पुढून हळू चढतो, मागून कड्यासारखा तुटतो, आणि त्याचं टोक मागे मागे सरकत जातं. वॅक्सवर तिथेच बेंझीन बसलेलं असतं. संपलं.

म्हणून जाड फिल्म घ्या. ३० मीटर, ०.३२ मिमी, १.८ मायक्रॉन हा माझा पहिला पर्याय. ०.५३ मिमीला ३ मायक्रॉनही चालेल; दोन्हींचा फेज रेशो (आतल्या वायूचं फिल्मशी प्रमाण) ४४ च्या आसपास असल्यामुळे पीकचा क्रम बदलत नाही. ओव्हन ४० अंशांपासून सुरू करा. पीक सुटत नाहीत म्हणून ६० मीटरचा कॉलम मागवणाऱ्यांना मी आधी थांबवतो: लांबी दुप्पट केल्यावर रेझोल्यूशन फक्त १.४ पट वाढतं, वेळ मात्र दुप्पट जातो. चुकीची फेज लांबीने सुधारत नाही.

कॉलम पक्का करण्याआधी त्याच आयपीएत, मर्यादेइतकं बेंझीन स्पाइक करून (मुद्दाम मिसळून) बघा. दुसऱ्या डायल्युएंटमधल्या (पातळ करायच्या द्रवातल्या) स्टँडर्डवर विश्वास ठेवू नका. सोबत स्पाइक न केलेलं आयपीएही चालवा, नाहीतर आधीपासून असलेलं बेंझीन तुमच्या रिकव्हरीत मिसळेल.

अ‍ॅसिटोनचं काय? ६२४ वर ते आयपीएच्या जेमतेम आधी येतं आणि पातळ न केलेल्या सॅम्पलमध्ये आयपीए पीकच्या चढाला चिकटतं. वॅक्सवर ते छान सुटं असतं. तेव्हा बेंझीनला ६२४, अ‍ॅसिटोनला वॅक्स, असे दोन कॉलम ठेवा. एकाच कॉलमवर सगळं बसवायचा हट्ट मेथड व्हॅलिडेशनमध्ये महाग पडतो. वॅक्स गरम असताना आत ऑक्सिजन जाऊ देऊ नका. कॅरियर गॅसवर ट्रॅप लावा आणि सेप्टम वेळेवर बदला.