ओव्हरफ्लो बसवण्यापूर्वी: फिश टँकच्या नळजोडणीची तयारी

वरच्या टँकमधले पाणी कडेवरून खालच्या सम्पमध्ये, म्हणजे खाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत, उतरावे आणि पंपाने ते पुन्हा वर चढवावे, एवढीच ओव्हरफ्लोची रचना आहे. ती चालू असताना सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते वीज गेल्यावर. मागच्या वेळी मी सांधे, वॉशर, नळ्या सगळे तपासले होते, पण पंप थांबल्यावर वरून किती पाणी खाली येईल याचा हिशेब केला नव्हता आणि पहिल्याच भारनियमनात ते पाणी दिवाणखान्याच्या फरशीवर आले. म्हणून या यादीत इतर काही थोडे आधी-मागे झाले तरी चालेल, पण हा हिशेब सर्वांत आधी, कागदावर आणि आकड्यांत झाला पाहिजे.

उदाहरणादाखल चार फूट लांब आणि दीड फूट रुंद टँक घेऊ, म्हणजे साधारण 120 बाय 45 सेंटीमीटर. अशा टँकमधली पाण्याची पातळी एक सेंटीमीटर उतरली की 5.4 लिटर पाणी खाली येते. पंप चालू असताना पाणी ओव्हरफ्लोच्या कडेला कापलेल्या दात्यांच्या तळापासून दोनेक सेंटीमीटर वर उभे असते. पंप थांबला की तेवढे, म्हणजे सुमारे अकरा लिटर, आणि नळ्यांमधले लिटर-दोन लिटर उतरणारच. सम्प 75 बाय 35 सेंटीमीटरचा असेल तर या तेरा लिटरने त्यातली पातळी पाच सेंटीमीटर चढते आणि कुणाचे काही बिघडत नाही. पण पंपाचे पाणी वर आणणाऱ्या परतीच्या नळीचे तोंड पाण्याखाली दहा सेंटीमीटरवर ठेवलेले असेल, तर पंप थांबताच तीच नळी सायफन होऊन उलटी वाहू लागते आणि तिच्या तोंडापर्यंतचे सगळे पाणी, म्हणजे 54 लिटर, खाली ओढते. सम्पची उंची 35 सेंटीमीटर आणि त्यात आधीच वीस सेंटीमीटर पाणी असेल, तर वरची रिकामी जागा चाळीस लिटरचीही नसते. उरलेले पाणी कुठे जाते हे मला विचारू नये.

तेव्हा परतीच्या नळीचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागाच्या अगदी खाली, दोनेक सेंटीमीटरवर ठेवावे. त्याशिवाय नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली तीन-चार मिलिमीटरचे छिद्र पाडावे, म्हणजे पातळी उतरताच त्यातून हवा शिरून सायफन तुटतो. छिद्र एक नको, दोन असावीत, कारण शेवाळाचा एक धागा किंवा बोटाच्या टोकाएवढी गोगलगाय एक छिद्र सहज बुजवते आणि ते बुजलेले वरून दिसत नाही. दुकानदार अशा वेळी एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, लावण्याचा सल्ला देतात. लावायचा तर लावावा, पण त्याच्या भरवशावर हिशेब सोडू नये. बोअरवेलच्या जड पाण्याने त्याच्या झडपेवर क्षार बसतात आणि मग ती पुरती मिटत नाही. पंप इन्व्हर्टरवर असला तरीही हा हिशेब सुटत नाही, कारण पंप साफ करण्यासाठी तो कधीतरी बंद करावाच लागतो.

उलट बाजूचा हिशेबही त्याच कागदावर लिहावा. खाली उतरणारी नळी तुंबली किंवा सायफनने हवा धरली, तर पंप सम्पमधला आपला कप्पा कोरडा होईपर्यंत पाणी वर चढवत राहतो. पंपाच्या कप्प्यात एकवीस लिटर पाणी असेल तर वरच्या टँकमध्ये निदान चार सेंटीमीटर कोरडी कड शिल्लक हवी. ती नसेल तर कप्पा लहान करावा.

आता सामान. ओव्हरफ्लो तयार घ्यायचा की घरी करायचा, हे टँकला भोक पाडता येते का यावर ठरते. भोक पाडता येत असेल तर पाडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. काच टफन्ड (भट्टीत कडक केलेली) असेल तर मात्र ड्रिल लागताच तिचा चुरा होतो. काचेमागे लॅपटॉपचा पांढरा पडदा ठेवून पोलराइज्ड गॉगलमधून पाहिल्यास टफन्ड काचेवर गडद पट्टे किंवा ठिपके दिसतात. काही टँकांत फक्त तळाची काच टफन्ड असते, म्हणून जिथे भोक पडणार आहे तीच काच तपासावी. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाएवढी काच शिल्लक राहावी, आणि मागे नट फिरवायला भिंत व टँक यांत हात जाईल एवढी जागा असावी. ही जागा लोक हमखास विसरतात. भोक काचवाल्याकडून पाडून घेणेच बरे. स्वतः पाडायचे तर डायमंडचा होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत), मंद गती, सतत पाणी, आणि दाब अजिबात नको.

भोक नको असेल तर कडेवरून जाणारा सायफनचा ओव्हरफ्लो उरतो. तयार बॉक्स मुंबईत कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या मत्स्यालयाच्या दुकानांत चौकशी केल्यास मिळू शकतो, आणि नाही मिळाला तर पीव्हीसीच्या नळ्या व एल्बो (वळणाचे जोड) जोडून घरी करता येतो. घरच्या रचनेत महत्त्वाची गोष्ट एकच: कडेवरून बाहेर उतरलेली नळी खाली वळून पुन्हा वर यावी आणि वरच्या टोकाला उघड्या तोंडाची टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, असावी. त्या टीच्या उंचीवर टँकमधली पातळी ठरते, आणि वीज गेल्यावरही दोन्ही पाय पाण्याने भरलेले राहत असल्याने वीज आल्यावर सायफन आपोआप सुरू होतो. टीचे वरचे तोंड बंद केले तर हवा शिरायला वाट राहत नाही आणि ही रचना टँक अर्धा रिकामा करते. कडेच्या वरच्या वळणात मात्र बुडबुडे साठत जातात, म्हणून प्रवाह अगदी मंद ठेवू नये आणि वळण दर आठवड्याला पाहावे.

हार्डवेअरच्या दुकानात ‘एक इंची’ एवढेच सांगून नळी मागू नये. त्या एका नावाने काउंटरवर तीन वेगळ्या नळ्या येतात: प्लंबिंगची यूपीव्हीसी, जिचा बाहेरचा व्यास 33.4 मिलिमीटर असतो. शेतीची पीव्हीसी, जी 32 मिलिमीटरची असते. आणि सीपीव्हीसी, जी 28.6 मिलिमीटरची असते. शेतीची नळी यूपीव्हीसीच्या एल्बोत जाते, पण सैल बसते, आणि ती फट सोल्युशनने, म्हणजे नळ्या चिकटवायच्या द्रवाने, भरून निघेल असे मानणाऱ्याने पुसणे जवळ ठेवावे. सगळे सामान एकाच प्रकारचे, शक्यतो एकाच दुकानातून घ्यावे. टँक निपल, म्हणजे काचेच्या भोकात बसणारा नळीचा जोड, आधी विकत घ्यावा, त्याचा आटा व्हर्नियरने मोजावा आणि मगच भोकाचे माप ठरवावे. उलट क्रमाने केल्यास एक काच वाया जाते. पितळी टँक निपल मजबूत असतो, पण त्यातले तांबे कोळंबी व गोगलगायींना मारक ठरते, म्हणून प्लास्टिकचाच घ्यावा.

उतरणाऱ्या नळीचा व्यास पंपाच्या नळीवरून नाही, गुरुत्वाने तिच्यातून किती पाणी उतरते त्यावर ठरवावा. एक इंची भोकातून केवळ गुरुत्वाने तासाला ढोबळ 2,200 लिटर उतरते असे धरतात. पंप त्यापेक्षा बराच कमी असावा. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, सव्वा मीटर वर चढवताना तो पुष्कळ उतरतो, हे खरे. तरी खोक्यावरचाच आकडा धरून नळी निवडावी, म्हणजे चूक सुरक्षित बाजूला होते. उतरणारी नळी मध्ये कुठेही बारीक करू नये, आडवी नेऊ नये, आणि एका काटकोनी एल्बोऐवजी दोन पंचेचाळीस अंशांचे वापरावेत. शक्य असेल तर आणीबाणीची दुसरी नळी थोड्या जास्त उंचीवर, कोरडी, ठेवून द्यावी. तोंडाला जाळी लावावी.

जोडणीच्या वेळी आधी सगळे कोरडे जोडून पाहावे आणि प्रत्येक सांध्यावर पेनाने खूण करावी, कारण सोल्युशन लावल्यावर नळी फिरवायला काही सेकंदच मिळतात. पंपाजवळ आणि टँक निपलखाली युनियन, म्हणजे पुन्हा उघडता येणारा सांधा, घालावे. दोन युनियनची कंजुषी केली की पुढे सगळे करवतीने कापावे लागते. वॉशर टँकच्या आतल्या, म्हणजे कॉलरच्या बाजूला येतो, नटाच्या बाजूला नाही. नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा द्यावा. वॉशरला सिलिकॉन फासू नये. टेफ्लॉन टेप फक्त आट्यांवर. ओव्हरफ्लोची काच चिकटवायला बुरशीरोधक लिहिलेले बाथरूमचे सिलिकॉन वापरू नये, आणि साध्या सिलिकॉनचाही व्हिनेगरसारखा वास पुरता जाईपर्यंत पाणी भरू नये.

चाचणी साध्या पाण्याने, जमल्यास बाल्कनीत, निदान एक दिवस चालवावी. सांध्यांभोवती कोरडा टिश्यू गुंडाळला की न दिसणारी गळतीही कळते. आणि आता पुन्हा तेच: पंप चालू असताना स्विच बंद करावा आणि पाणी उतरायचे थांबेपर्यंत सम्पपाशी उभे राहावे. एकदा छिद्रे उघडी ठेवून, मग एकदा ती बोटाने दाबून. दोन्ही वेळा सम्पच्या कडेखाली किमान तीन बोटे जागा राहिली नाही तर सम्पमधले पाणी कमी करावे. मग पंप पुन्हा चालू करून पातळी स्थिरावली की सम्पच्या काचेवर पक्क्या मार्करने रेघ ओढावी. त्या रेघेच्या वर पाणी कधीही भरायचे नाही.

विजेचे थोडक्यात: वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, 30 मिलिअँपिअरचा असावा. स्टँडवर येणारे वजन, स्टँड समतल असणे, हे उघड आहे. मासे सगळ्यांत शेवटी.

बाष्पीभवनाने सम्पमधली पातळी रोज थोडी उतरते आणि तिथेच वरून पाणी घातले जाते. गावाला जाताना हे काम ज्याच्याकडे सोपवाल त्याला रेघ दाखवावी, पंप चालू असतानाच पाणी घालायचे आणि रेघेपर्यंतच, हे त्याच्याकडून म्हणवून घ्यावे. वीज नसेल तर घालायचेच नाही.