मान चाचपायची कशी: हाताला काय लागतं आणि कशाला उगाच गाठ समजू नये

मानेची शरीररचना शिकणारे बहुतेक जण चित्रापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. चित्रात कातडी सोललेली, धमनी लाल, शीर निळी. समोर बसलेल्या माणसाच्या मानेत यातलं काहीच दिसत नाही, जे कळतं ते बोटांना कळतं. त्यात क्रम चुकवून चालत नाही: आधी हाडं आणि कूर्चा, मग स्नायू, मग नाडी आणि गाठी सगळ्यात शेवटी. आधीच गाठी शोधायला बसलात तर भराभर सापडतील, पण त्यातली एखादीच खरी असेल.

नर्सिंग, फिजिओथेरपी, बीडीएस, एमबीबीएसची मुलं एकमेकांवर सराव करू शकतात. घरी स्वतःची मान तपासायची असली तरी क्रम हाच.

तयारी

पाठ टेकता येईल पण डोक्यापर्यंत पोचणार नाही अशी खुर्ची, ग्लासभर पाणी, धुऊन जाणारं स्केचपेन आणि मिलिमीटरची पट्टी. नखं कापलेली, हात गार नकोत. कॉलर बोन पूर्ण दिसेल इतका गळा मोकळा हवा, चेन-मंगळसूत्र बाजूला सरकवा. तपासणाऱ्याने मागे उभं राहायचं.

हनुवटी किंचित खाली ठेवायला सांगा. मान मागे ताणली की कातडीखालचे सगळे थर ताठ होतात आणि खोलवरचं काही लागत नाही. तरी नवखे हमखास मान वर करायला लावतात. फक्त मधल्या रेषेतली कूर्चा शोधताना मान थोडी मागे गेली तर चालते.

मधली रेषा, वरून खाली

हनुवटीच्या मध्यापासून एक बोट सरळ खाली आणा. मऊ भाग संपल्यावर जे पहिलं कडक लागतं ते हायॉइड हाड. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा, ते सहज सरकतं. याचा दुसऱ्या कुठल्याही हाडाशी सांधा नाही, ते स्नायू आणि बंधांवर टांगलेलं आहे. मणक्यांच्या हिशेबात ही पातळी सी-३, म्हणजे मानेचा तिसरा मणका.

त्याखाली खाच असलेला कंठमणी, म्हणजे थायरॉइड कूर्चेचं टोक. वरची कड सी-४ च्या पातळीला. पुरुषांत या कूर्चेच्या दोन पट्ट्या साधारण ९० अंशांत मिळतात म्हणून कंठमणी पुढे येतो. स्त्रियांत हा कोन १२० अंशांच्या आसपास असल्यामुळे तो दिसत नाही आणि पटकन लागतही नाही.

कंठमण्यावरून बोट आणखी खाली घसरवा. एक छोटा खळगा लागेल, उंची जेमतेम १ सेंटिमीटर. हा क्रिकोथायरॉइड पडदा. त्याखालचं घट्ट कडं म्हणजे क्रिकॉइड, पातळी सी-६. हे कडं पक्कं ओळखता आलं की अर्धी मान आली, कारण स्वरयंत्र संपून श्वासनलिका सुरू होते ती इथे आणि घसा संपून अन्ननलिका सुरू होते तीही इथेच.

क्रिकॉइडच्या लगेच वरच्या या खळग्याचं महत्त्व वेगळं आहे. श्वासमार्ग वर कुठेतरी पूर्ण बंद पडला आणि दुसरा उपाय उरला नाही, तर डॉक्टर या पडद्यातून हवेची वाट करतात. तुमचं काम बोट ठेवून जागा ओळखण्यापुरतं. इथे ठरलेली चूक होते: हायॉइड आणि कंठमण्याच्या मधला वरचा खळगाच हा पडदा समजला जातो. स्त्रियांत आणि आखूड, जाड मानेच्या माणसांत तर फारच. उपाय सोपा आहे, उलट या. छातीच्या हाडावरच्या खोबणीत बोट ठेवा आणि श्वासनलिकेवरून वर सरका. कड्यांपैकी स्पष्ट जाड, पुढे आलेलं कडं म्हणजे क्रिकॉइड. त्याच्या लगेच वरचा खळगा तुमचा. स्केचपेनने खूण करा आणि दुसऱ्याकडून पडताळून घ्या. दाब हलकाच ठेवा, नाहीतर ठसका लागतो.

थायरॉइड ग्रंथी

क्रिकॉइडच्या खाली, श्वासनलिकेच्या दुसऱ्या ते चौथ्या कड्यावर ग्रंथीचा मधला पूल असतो आणि दोन्ही बाजूंना वर चढणारे भाग. दोन्ही हातांची बोटं तिथे ठेवा आणि पाण्याचा एक घोट गिळायला सांगा. नुसती लाळ दुसऱ्या-तिसऱ्यांदा गिळता येत नाही, म्हणून ग्लास. ग्रंथी स्वरयंत्राला आणि श्वासनलिकेला बांधलेली आहे, त्यामुळे गिळताना तीही वर जाते. गिळताना वर जाणारा फुगवटा बहुधा थायरॉइडचा. मधल्या रेषेतला फुगवटा जीभ बाहेर काढल्यावरही वर ओढला गेला तर थायरोग्लॉसल सिस्टचा, म्हणजे जन्मजात राहिलेल्या द्रवाच्या पिशवीचा संशय घ्यायचा.

डावा भाग तपासताना उजव्या बाजूने ग्रंथी हलकेच डावीकडे ढकला आणि मान थोडी डावीकडेच झुकवायला सांगा, म्हणजे त्या बाजूचा स्नायू सैल पडतो. निरोगी ग्रंथी अनेकदा हाताला लागतच नाही. म्हणून जोर वाढवू नका.

स्टर्नोमॅस्टॉइड आणि नाडी

गालावर हात ठेवून प्रतिकार करा आणि चेहरा डावीकडे वळवायला सांगा. उजव्या बाजूचा स्नायू दोरखंडासारखा उठेल: खाली छातीच्या हाडापासून आणि कॉलर बोनपासून वर कानामागच्या उंचवट्यापर्यंत. वळणं एका बाजूला आणि स्नायू दुसऱ्या बाजूचा, हे परीक्षेत हटकून उलटं लिहिलं जातं. दोन्ही कडांवर पेनने रेघा ओढा. मानेचे पुढचा आणि मागचा असे दोन त्रिकोणी भाग धरतात, त्यांची हद्द हीच.

आता मान सैल सोडायला सांगा. क्रिकॉइडच्या पातळीला, स्नायूच्या पुढच्या कडेच्या आत दोन बोटं ठेवून मागे, मणक्याच्या दिशेने दाबा. कॅरोटिड, म्हणजे डोक्याकडे रक्त नेणारी मोठी धमनी लागेल. क्रिकॉइडची पातळी मुद्दाम सांगितली. कंठमण्याच्या वरच्या कडेजवळ ही धमनी दोन फाट्यांत विभागते आणि तिथेच कॅरोटिड सायनस, म्हणजे रक्तदाब टिपणारी जागा आहे. त्यावर दाब पडला तर हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो आणि माणूस चक्कर येऊन पडू शकतो, विशेषतः वयस्कर. दोन्ही बाजू एकदम कधीही दाबायच्या नाहीत, चोळायचं तर नाहीच. बेशुद्ध माणसाची नाडी बघताना प्रशिक्षित माणसानेही १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घालवू नये. प्रशिक्षण नसेल तर नाडी शोधतच बसू नका. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, एवढ्यावर मदतीला फोन करून छातीवर दाब सुरू करायचे.

चेहऱ्यावर आणखी दोन नाड्या आहेत. दात आवळायला सांगा, गालाचा फुगलेला स्नायू जबड्याच्या खालच्या कडेला जिथे भेटतो त्याच्या लगेच पुढे एक. दुसरी कानाच्या भोकासमोर. तिथेच बोट ठेवून तोंड उघडायला सांगितलं की जबड्याचा सांधा पुढे सरकताना जाणवतो. लगे हात तोंड किती उघडतं तेही पाहा: ज्याचं तोंड त्याचीच तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत, मापात साधारण ३५ मिलिमीटर किंवा अधिक. विदर्भात खर्रा, इतरत्र मावा किंवा गुटखा खाणाऱ्याचं तोंड दोनच बोटं उघडत असेल, तिखट झोंबत असेल, तर सुपारीमुळे आतली त्वचा आखडत चालल्याची शक्यता मोठी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी असे रुग्ण दंतवैद्यांकडे येतातच.

गाठ नव्हे, तरी गाठ वाटतं

जबड्याचा कोपरा आणि कानामागचा उंचवटा यांच्या मधोमध, खोल, कडक आणि न हलणारं काही लागलं तर बहुधा तो पहिल्या मणक्याचा बाजूचा काटा. दाबल्यावर दुखतो, म्हणून घाबरायला होतं. दुसऱ्या बाजूला तसाच लागतो का ते आधी पाहा.

हायॉइडचं मागचं टोकही असंच फसवतं. हायॉइड पुढून हलवलं की तेही हलतं. तिसरी सबमँडिब्युलर लाळग्रंथी, जबड्याखाली दोन्हीकडे, वयानुसार जास्त ठळक. हातमोजा घालून एक बोट जिभेखाली आणि दुसरं बाहेरून ठेवा: लाळग्रंथी दोन्ही बोटांच्या मध्ये पकडता येते, लसिकाग्रंथी, म्हणजे संसर्गात सुजणारी खरी गाठ, फक्त बाहेरच्या बोटाला लागते. आणि जी "गाठ" ठोक्याबरोबर फुगते ती कॅरोटिड. तिला सोडून द्या, दाबत बसू नका.

खऱ्या गाठी

बोटांच्या टोकांनी नाही, पेरांच्या गादीने, छोटी वर्तुळं काढत. हनुवटीखाली, जबड्याखाली, कानापुढे, कानामागे, डोक्याच्या मागे, मग स्नायूच्या कडेने वरून खाली, मागचा त्रिकोण आणि शेवटी कॉलर बोनच्या वरचा खड्डा. या खड्ड्याशी खोल श्वास घ्यायला सांगा, लपलेली गाठ वर येते.

कणखरपणा तीन शब्दांत नोंदवा: ओठासारखी मऊ, नाकाच्या शेंड्यासारखी घट्ट, कपाळासारखी कडक. सरकणारी, १ सेंटिमीटरपर्यंतची, मऊ गाठ अनेक निरोगी माणसांत असते. जबड्याच्या कोपऱ्याखालची दीड सेंटिमीटरपर्यंत चालते. पायाच्या जखमेने जांघेत अवधाण येतं, तशीच किडलेल्या दाताने किंवा टॉन्सिलने मानेत गाठ येते आणि ती दुखते. एकमेकींना चिकटलेल्या, फारशा न दुखणाऱ्या गाठींचा पुंजका म्हणजे जुनी माणसं म्हणायची ती गंडमाळ. क्षयाची तपासणी हवीच. कडक, न सरकणारी, तीन आठवड्यांत न उतरलेली किंवा कॉलर बोनच्या वरची गाठ असेल तर थांबायचं नाही. तंबाखू खाणाऱ्यात अशी गाठ लागली तर आधी तोंडात बघा: जिभेच्या कडा, जिभेखाली, गालाच्या आत, अक्कलदाढेमागे.

जागा, मिलिमीटरमध्ये माप आणि तारीख लिहून नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे जा. पहिली पायरी साधारणपणे सोनोग्राफी आणि बारीक सुईने पेशी काढणं ही असते. "छोटीशी तर आहे, कापून टाकू" असं कोणी म्हणालं तर मागच्या त्रिकोणातल्या गाठीसाठी लगेच हो म्हणू नका. तिथे कातडीच्या अगदी खालून अ‍ॅक्सेसरी नर्व्ह, म्हणजे खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस जाते. ती कापली गेली तर खांदा उतरतो आणि हात डोक्यावर नेणं अवघड होतं. म्हणून शस्त्रक्रियेआधी आणि नंतर दोन्ही खांदे दाबाविरुद्ध उचलायला लावून ताकद नोंदवून ठेवायची.