ब्रेकडाउनचा फोन आला की गाडीचं तोंड विचारा

"भाऊ, नागपूर-हिंगणघाट हायवेवर बुटीबोरीजवळ गाडी बंद पडली," एवढ्यावर दुरुस्तीची व्हॅन काढली की ती नेमकी डिव्हायडरच्या पलीकडे पोचते. मग पुढच्या यू-टर्नपर्यंत हेलपाटा, आणि लेकरंबाळं उन्हात ताटकळतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तिथे वीस मिनिटंही फार होतात. म्हणून फोनवर हा क्रम ठेवा:

१. आधी माणसं. सगळे उतरून रस्त्यापासून लांब उभे आहेत ना? कुणाला लागलं असेल तर आधी ११२ लावायला सांगा.

२. सोबतच्या कुणाचा तरी दुसरा नंबर घ्या. पहिल्याची बॅटरी कधी संपेल, नेम नसतो.

३. "गाडीचं तोंड नागपूरकडे की हिंगणघाटकडे?" हाच खरा प्रश्न. डावी-उजवी बाजू विचारू नका, घाबरलेला माणूस हमखास गोंधळतो.

४. व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागवा. "अचूकता" ५०० मीटर दिसत असेल, म्हणजे जागा अर्धा किलोमीटर इकडे-तिकडे असू शकते, तर थोडं थांबून पुन्हा पाठवायला सांगा. शिवाय जवळचा पंप, ढाबा किंवा किलोमीटरच्या दगडावरचा आकडा विचारा.

बिघाड काय, ते शेवटी.

मात्र रात्री दगड शोधायला कुणाला रस्त्यावरून चालत पाठवू नका. उभ्या जागेवरून दिसतं तेवढंच विचारा.