माय 'लाइट-फिंगर्ड' नसते! अवयवांच्या इंग्रजी विशेषणांतल्या या चुका टाळा

दहावीच्या पोरीचा निबंध. त्यात वाक्य : माय मदर इज अ लाइट-फिंगर्ड वुमन. लाल पेन हातातच राहिला. लाइट-फिंगर्ड म्हणजे चोरटा, अलगद खिसा मारणारा! पोरीला विचारलं तर ती रडकुंडीला आली. "सर, माही माय लय पटापट कापूस येचते. हात हलका चालते तिचा."

खरं होतं तिचं. कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत वाकलेली बाई बोंडातून कापूस असा ओढते की वाळलं पान चिकटत नाही. त्याला निम्बल-फिंगर्ड म्हणतात. मोबाइलला विचारलं की तो 'हलकी बोटं' शब्दाला शब्द लावून देतो, आणि पोरं तेच उतरवतात.

'हलक्या कानाचा'चंही तेच. लाइट-ईअर्ड असं काही नसतं, मुकाट्यानं गलिबल लिहा. लाइट-हेडेडला भोवळ आलेली असते. बिग-हेडेड हुशार नसतो, गर्विष्ठ असतो. थंड डोक्याच्या मामाला कूल-हेडेड म्हणा. कोल्ड-ब्लडेड म्हटलं की मामा खुनी झाला.

पण माझं डोकं खरं फिरतं ते 'ईडी' गाळल्यावर. काइंड-हार्ट मॅन, टू-फेस फ्रेंड! टोकलं की उत्तर ठरलेलं, "सर, ईडी तं भूतकाळाले लागते ना?" अरे, इथं तो क्रियापदाला नाही, नामाला लागलाय. मग मी शेगावला जातो. गजानन म्हणजे काय? गजाचं आनन आहे ज्याला, तो. बहुव्रीहि समास. त्यातल्या 'आहे ज्याला'चं काम इंग्रजीत हा ईडी करतो : एलिफंट-फेस्ड. लंबोदर, बिग-बेलीड. मराठीच्या तासाला एका मार्कासाठी घोकलेलं इंग्रजीच्या तासाला कुणालाच आठवत नाही.

डोळे दोन असले तरी ब्ल्यू-आइड, आइज्ड नाही. नामाच्या आधी आलं तर मधली आडवी रेघ खाऊ नका. 'ही इज रेड-हँडेड' लिहू नका, आधी कॉट हवं. मराठीत तरी माणूस रंगेहाथ 'असतो' का? पकडला जातो.

'एका रात्रीत शंभर शब्द'वाल्या पीडीएफ माझ्याकडे पाठवू नका. मी दिवसाला दोनच शब्द देतो, आणि प्रत्येकापुढे तो शोभेल असा गावातला माणूस लिहायला लावतो. परवा एका वहीत माझंच नाव सापडलं. पुढे लिहिलं होतं, शार्प-टंग.

ईडी गाळलेला होता.