आज्जीचं आयुष्मान कार्ड: अंगठा उठत नव्हता, असं जमलं

कर्नाटकातल्या खानापूरकडं आमच्या शेजारच्या आज्जीचं आयुष्मान कार्डासाठीचं ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) दर वेळी फेल. शेतात राबून बोटांच्या रेघाच गेल्यात, आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद, त्यामुळं ओटीपी पण नाही. सेंटरच्या तीन खेपा फुकट, लै जीव चिडला.

शेवटी हे चाललं: आधी मोबाईलमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवणारं आधार फेस आरडी अॅप टाकलं, मग आयुष्मान अॅपमध्ये बेनिफिशरी म्हणून माझ्या नंबरनं लॉगिन, राज्य कर्नाटक, आधार नंबरनं नाव शोधलं, आणि ई-केवायसीत ओटीपी सोडून फेस ऑथ (चेहरा दाखवून ओळख) निवडलं. उजेड समोरून पाहिजे, चष्मा काढायचा, डोळे मिचकावायचे. दाराकडं पाठ करून बसवलेलं तेव्हा दोनदा फेल गेलं.

या कार्डावर बीपीएल घराला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार. आज्जीनं कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं नि माझा हात सोडेचना, मला दिवसभर बरं वाटत होतं. आता गल्लीतल्या अजून दोघींचं करायचंय.