सस्पेन्शनचे सुटे भाग: कंपनीचे घ्यावेत की बाहेरचे?

बेळगाव जिल्ह्यात पावसाळा संपून जांबोटी, कणकुंबीकडचा रस्ता पुन्हा मोकळा होतो, तेव्हा त्या बाजूला नियमित ये-जा करणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या चाकांतून खडखड येऊ लागलेली असते. चिकोडी, निपाणी, हुक्केरीकडे पावसाचा मारा कमी असला तरी गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांखाली रस्त्याच्या कडा खचतात, आणि समोरून वाहन आले की लहान गाडीला त्याच खचलेल्या कडेवर उतरावे लागते. गाडी गॅरेजमध्ये नेल्यावर फिटर ती वर चढवतो, सस्पेन्शनचे, म्हणजे चाकांना गाडीशी जोडून रस्त्याचे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेचे, दोन-तीन भाग हलवून दाखवतो आणि विचारतो, ‘ओरिजिनल घालू की बाहेरचं?’ या प्रश्नाला संपूर्ण गाडीसाठी एकच उत्तर देणे चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक भागाचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा, आणि तो घेताना दोन गोष्टी पाहाव्यात: तो भाग तुटला किंवा निखळला तर चाकाचे काय होईल, आणि त्या भागाचे आयुष्य किती प्रमाणात त्यातल्या रबरावर अवलंबून आहे.

भाग निवडण्याआधी खराब नेमके काय झाले आहे, याची खात्री करून घ्यावी, कारण चांगला भाग चुकीच्या जागी बदलून पैसे वाया गेल्याची उदाहरणे प्रत्येक गल्लीत सापडतात. लहान खड्ड्यांवरून, विशेषतः कमी वेगात, कोरडी टकटक येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर, म्हणजे वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या स्टॅबिलायझर दांड्याला जोडलेल्या छोट्या दांडीवर, घ्यावा. खोल खड्ड्यात चाक गेल्यावर जड, दबका ठोका येत असेल तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या भुजेचे) बुश, म्हणजे तिच्या सांध्यातले रबर, किंवा गाडीचे डोलणे थांबवणाऱ्या शॉक अब्सॉर्बरच्या वरचे माउंटिंग पाहावे. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग ताणून सुटल्यासारखा आवाज आला तर त्या माउंटिंगमधले बेअरिंग बहुधा अडकत असते. चाक जमिनीवरून उचलून डाव्या-उजव्या कडांना धरून हलवले असता ढिलाई जाणवली तर टाय रॉड एन्ड (स्टेअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा), आणि वर-खाली धरून हलवल्यावर जाणवली तर बॉल जॉइंट (आर्मला चाकाशी जोडणारा सांधा) किंवा व्हील बेअरिंग तपासावे. हे सगळे आपल्या डोळ्यांसमोर करून दाखवण्यास फिटरला सांगावे. चांगला कारागीर त्याला कधीच नकार देत नाही.

आता ‘ओरिजिनल’ या शब्दाविषयी. वाहन कंपन्या सस्पेन्शनचे बहुतेक भाग स्वतः बनवत नाहीत. गॅब्रिएल इंडिया ही १९६१ साली स्थापन झालेली कंपनी शॉक अब्सॉर्बर बनवून वाहन कंपन्यांना पुरवते. राणे समूहाकडून टाय रॉड एन्ड आणि बॉल जॉइंट जातात. मालवाहू गाड्यांचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बनवण्यात जमना ऑटोचे नाव मोठे आहे. म्हणजे बाजारात एकाच भागाची निदान चार रूपे मिळतात: वाहन कंपनीच्या डब्यातला भाग, तिला पुरवठा करणाऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाने विकलेला भाग, पुरवठादार नसलेल्या पण नाव राखून असलेल्या कारखान्याचा भाग, आणि ज्याच्या डब्यावर कोणाचाच धड पत्ता नाही असा स्थानिक भाग. पाचवे रूप नकली मालाचे, ज्यावर नाव मोठे असते आणि आत काहीही असू शकते. ‘बाहेरचं’ या एका शब्दात यांतली चार रूपे कोंबली जातात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. माझ्या अनुभवात दुसरे रूप अनेकदा सर्वांत शहाणपणाचे ठरते. मात्र कारखाना तोच असला तरी भाग हुबेहूब तोच असेल असे गृहीत धरू नये. शॉक अब्सॉर्बरच्या आतल्या व्हॉल्व्हची जुळणी किंवा रबराची प्रत वेगळी असू शकते.

बॉल जॉइंट आणि टाय रॉड एन्ड यांच्या बाबतीत पहिल्या दोन रूपांखेरीज काहीही घेऊ नये. टाय रॉड एन्ड निखळला तर ते चाक स्टेअरिंगचे ऐकत नाही, आणि खालचा बॉल जॉइंट सुटला तर चाक बाहेर फाकून गाडी जागेवर बसते. चोर्ला घाटाच्या वळणावर असे घडण्याची कल्पनासुद्धा नको. या भागांत गोल डोक्याचा पोलादी दांडा एका वाटीत फिरतो आणि त्यावर ग्रीस धरून ठेवणारे रबरी टोपण असते. ते टोपण फाटले की खानापूरकडची लाल चिखलाची राड आत जाते, आणि तिच्यातली बारीक रेती वाटी घासून काढते. म्हणून विकत घेताना टोपण बोटांनी दाबून पाहावे. ते मऊ आणि लवचीक असावे, त्याला बारीक भेगा नसाव्यात आणि त्याची कडी घट्ट बसलेली असावी.

बेळगावात उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांमध्ये आणि मशिन शॉपमध्ये आयुष्य घालवलेली माणसे जवळपास प्रत्येक ओळखीच्या घरात असतात. अशा एखाद्या काकांच्या हातात दोन्ही नग दिले तर वजन, आट्यांची सफाई आणि वेल्डिंगची रेघ पाहून ते क्षणात फरक सांगतात. ही मदत अवश्य घ्यावी, पण तिची मर्यादाही लक्षात ठेवावी: पोलादावर उष्णतेची प्रक्रिया नीट झाली आहे की नाही हे कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही, आणि बॉल जॉइंटचे बळ नेमके तिथेच असते. ज्याने आपले नाव आणि पत्ता डब्यावर छापला आहे, त्याच्यावरच या बाबतीत भिस्त ठेवावी लागते.

रबरी बुशाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. माझ्या हॅचबॅकच्या लोअर आर्मचे मागचे बुश गेले, तेव्हा एका गॅरेजमध्ये मी कंपनीचेच बुश आग्रहाने बसवून घेतले. सहा महिन्यांत तोच दबका ठोका परत आला. दुसऱ्या फिटरने आर्म खाली काढून माझ्या हातात दिला. रबर नवेच दिसत होते, घासलेले नव्हते, पण आतल्या पोलादी नळीच्या एका बाजूला ते तिरके, पिळल्यासारखे फाटले होते आणि त्या फटीत नख सहज जात होते. कारण साधे होते: चाक हवेत लोंबत असतानाच बोल्ट पूर्ण आवळला गेला होता. असे बुश त्या लोंबत्या स्थितीत जखडले जाते, आणि गाडी जमिनीवर आली की त्याचे रबर कायमचे पिळलेले राहते. प्रत्येक खड्डा त्या पिळात भर घालतो. म्हणून रबरी बुशाचे बोल्ट आधी हलके लावून, गाडीचा भार चाकांवर घेऊन किंवा आर्म जॅकने तेवढ्या उंचीपर्यंत उचलून, मगच शेवटचे आवळावेत. भाग कितीही अस्सल असला तरी ही एक चूक त्याला निकामी करते.

बुश घेताना मी शक्य तेथे कंपनीच्याच डब्यातले घेतो. रबराची प्रत बाहेरून ओळखता येत नाही, स्वस्त रबर उन्हाने आणि तेलाने लवकर कडक होते, आणि बुशाच्या किमतीपेक्षा ते दाबून काढण्या-बसवण्याची मजुरी अनेकदा जास्त असते. काही दुकानांत पॉलियुरेथेनचे रंगीत बुश ‘कायमचे’ म्हणून दाखवतात. ते टिकतात हे खरे, पण कडक असल्याने रस्त्याचा कंप सरळ गाडीत आणतात. आई-वडिलांना घेऊन सौंदत्तीला जाणाऱ्या गाडीला त्यांचा उपयोग नाही.

लिंक रॉड आणि स्टॅबिलायझरचे बुश यांच्यासाठी नाव असलेल्या कोणत्याही कारखान्याचा माल चालतो. ते स्वस्त असतात, बदलण्यास सोपे असतात आणि खराब झाले तरी मुख्यतः आवाजच करतात.

शॉक अब्सॉर्बरसाठी पुरवठादार कारखान्याच्या स्वतःच्या नावाचा नग हा माझा पहिला पर्याय आहे. नळीवर नुसता तेलाचा पातळ ओलावा दिसला तर घाबरू नये. तेल ओघळत असेल, टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज असेल किंवा गाडी गतिरोधकानंतर डोलत राहत असेल तरच बदलावा. बदलताना एकाच धुरेवरचे दोन्ही बदलावेत, नाहीतर डावी-उजवी बाजू वेगळी वागते. जुन्या शॉक अब्सॉर्बरमध्ये तेल भरून देणाऱ्यांच्या नादी लागू नये. झिजलेला सील आणि व्हॉल्व्ह तसाच राहतो. नवा नग आडवा ठेवलेला असेल तर बसवण्याआधी तो उभा धरून दांडा चार-पाच वेळा पूर्ण दाबून काढावा, म्हणजे आतली हवा वर सरकते. तो चकचकीत दांडा पकडीने धरू देऊ नये, कारण त्यावरचा एक ओरखडा सील कापतो. त्याच वेळी वरचे माउंटिंग, बंप स्टॉप (जोराचा दाब शेवटी झेलणारा ठोकळा) आणि धूळ-टोपण यांची अवस्था पाहून घ्यावी, कारण नंतर त्यांच्यासाठी पुन्हा तेवढीच मजुरी भरावी लागते.

कॉइल स्प्रिंग फक्त तुटली किंवा दबून खाली बसली तरच बदलावी. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीची स्प्रिंग वेगळी असू शकते, आणि तिच्यावरच्या रंगाच्या खुणा त्यासाठीच असतात. म्हणून कोणताही भाग मागवताना मॉडेलचे नाव आणि साल पुरेसे नाही. आरसी कार्डावरचा चासिस नंबर देऊन कंपनीचा पार्ट नंबर काढून घ्यावा आणि बाहेरचा नग त्या नंबराशी पडताळावा.

गाडी अजून वॉरंटीत असेल तर हा सगळा विचार बाजूला ठेवून कंपनीचाच भाग अधिकृत ठिकाणी बसवावा, नाहीतर त्या भागाशी जोडलेल्या दुसऱ्या बिघाडाचा दावा अडू शकतो. खड्ड्यात आपटून आर्म वाकला असेल तर गाडी उघडण्याआधी विमा कंपनीला कळवावे. नैसर्गिक झीज विम्यात बसत नाही, पण अपघाती नुकसान बसू शकते. साध्या सर्वंकष विम्यात रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, हेही धरून चालावे.

खरेदीच्या वेळी डबा शांतपणे वाचावा. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार त्यावर उत्पादक, पॅकर किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क असला पाहिजे. फक्त डब्यावर विसंबू नये, कारण जुने डबे पुन्हा भरले जातात. धातूवरच कोरलेला किंवा ठोकलेला नंबर डब्यावरच्या नंबराशी जुळतो का ते पाहावे. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हा प्रस्ताव नाकारावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, आणि तो वाचवण्याच्या मोबदल्यात आपण वॉरंटीचा एकमेव पुरावा सोडून देतो. नकली माल निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, पण तेथेही पहिला प्रश्न बिलाचाच असतो.

आपल्याकडे अनेकजण कोल्हापूरला गेल्यावर तिकडून भाग घेऊन येतात. निवड मोठी असते आणि भावही कधी बरा मिळतो, त्यामुळे लिंक रॉडसारख्या किरकोळ भागासाठी ते ठीक आहे. शॉक अब्सॉर्बरची जोडी मात्र मी बेळगावातच घेतो, कारण एक नग गळका निघाला तर बदलून आणण्यासाठी पुन्हा सुमारे ११० किलोमीटर जाणे परवडत नाही, आणि ग्राहकाने भाग आणून दिला असेल तर बसवणारा गॅरेजवाला दोष भागावर आणि दुकानदार दोष बसवण्यावर ढकलतो. दोन्ही एकाच ठिकाणी झाले तर जबाबदारी एकाचीच राहते.

काम झाल्यावर काढलेले जुने भाग मागून घ्यावेत आणि नव्या भागांचे रिकामे डबे पाहावेत. स्ट्रट (शॉक अब्सॉर्बर आणि स्प्रिंगची एकत्र जोडणी), लोअर आर्म किंवा टाय रॉड एन्ड यांपैकी काहीही उघडले असेल तर त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, करून आकड्यांची छापील चिठ्ठी घ्यावी. मग संकेश्वरकडच्या महामार्गावर एखाद्या सरळ पट्ट्यात स्टेअरिंग हलक्या हाताने धरून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे. आठवड्याभरात, एक-दोनदा खराब रस्त्यावरून गेल्यानंतर, सगळे उघडलेले नट टॉर्क पान्याने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासून घ्यावेत, आणि ती चिठ्ठी, बिल व डब्यावरचा पार्ट नंबर आरसीच्या पाकिटात एकत्र ठेवावा.